आपण

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून मी फराळाच्या ताटावर बसलो होतो. तोच शेजारी ठेवलेला मोबाइल 'टुंग' करून वाजला. धाकट्या भावाचा निरोप होता. 'आपणांस व आपल्या परिवारास दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!' खाली एक पणती. ती आपली आपणच पेटत होती आणि आपणच विझत होती.

मी तो निरोप दोनदा वाचला. माझा हा भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान. लहानपणी आम्ही एका गोधडीत झोपत असू आणि लवंगी फटाक्यांच्या वाटणीवरून एकमेकांचे कान पिरगाळीत असू. आजही तो नागपूरहून फोन करतो तेव्हा "काय रे दादा, जेवलास का?" असेच विचारतो. 'आपणांस' हा शब्द त्याच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. बरे, 'आपल्या परिवारास' म्हणजे कोणाला? माझ्या परिवारात आई येते, आणि ती त्याचीही आईच आहे. नीट हिशेब केला तर माझ्या परिवारात तो स्वतःही येतो. म्हणजे या गृहस्थाने सकाळी उठून स्वतःला हार्दिक शुभेच्छा दिल्या आणि त्यांची एक प्रत मला पाठवली!

मी तो निरोप आईला वाचून दाखवला. चकलीचा तुकडा मोडता मोडता ती थांबली आणि म्हणाली, "का रे, रागावलाय का तो आपल्यावर?"

आम्ही सारे हसलो. पण आईने ते विनोदाने विचारले नव्हते. ब्याऐंशी वर्षे मराठी बोलण्यात गेलेल्या त्या बाईला सख्ख्या मुलाच्या तोंडचे 'आपण' ऐकून पहिली शंका आली ती रागाची. आणि ती शंका किती शहाणपणाची होती, ते मला यंदाच्या श्रावणात कळले. पण ते पुढे सांगेन.

'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' या आदराच्या तीन पायऱ्या आहेत असे आपण शाळेत शिकतो. या पायऱ्या नुसत्या वर चढण्याच्या नाहीत, हे मात्र शाळेत कोणी सांगत नाही. पंढरपूरचा विठोबा सर्वांत मोठा, पण त्याच्याशी आपण 'तू' म्हणूनच बोलतो. कचेरीतल्या कारकुनाला मात्र 'तुम्ही' म्हणतो, आणि काम अडले असेल तर 'आपण'! आईला 'तू' म्हटल्यावाचून ती आई वाटत नाही. वडिलांना आमच्या पिढीने 'तुम्ही' म्हटले, माझी मुलगी मला "अरे बाबा, तुला कळत कसं नाही?" असे बिनदिक्कत विचारते. पहिल्यांदा कानाला जरा टोचले, हे कबूल करतो. पण माझ्या वडिलांना 'तुम्हाला कळत कसं नाही' असे विचारण्याची छाती मला उभ्या आयुष्यात झाली नाही. तेव्हा तिच्या 'तू'त काहीतरी आहे, जे माझ्या 'तुम्ही'त नव्हते, असे आता वाटू लागले आहे.

नवराबायकोंची तर तऱ्हाच निराळी. माझ्या आईने वडिलांचे नाव उखाण्याखेरीज कधी घेतले नाही. एकदा खानेसुमारीचा माणूस दारात आला आणि त्याने कुटुंबप्रमुखाचे नाव विचारले, तेव्हा तिने आतून मला हाक मारली आणि नाव सांगण्यासाठी पुढे केले. ती वडिलांना बोलावी ते "अहो, ऐकलंत का?" म्हणून. या हाकेची मी पुष्कळदा थट्टा केली आहे. परंतु आता वाटते, या हाकेत नाव नाही, हुकूमही नाही. आहे तो एक साधा प्रश्न. तुमच्या कानाशी मी येऊन उभी आहे, आत येऊ का, एवढेच तिच्यात विचारलेले असते.

आणि राग आला की मराठी माणूस खाली उतरत नाही, वर चढतो. रात्री उशिरा घरी आलो की आई दारातच म्हणे, "या राजे! आपली स्वारी कुठं गेली होती?" त्या 'आपली'ने पाठीवर जो काटा येई, तो दोन धपाट्यांनीही आला नसता.

'आपण' या शब्दाची आणखी एक मौज आहे. 'आपण बसावे' म्हटले की समोरचा माणूस चार हात दूर जातो. 'आपण बसू या' म्हटले की तोच माणूस आपल्या शेजारी येऊन बसतो. 'आम्ही' म्हटले तर ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. इंग्रजांच्या 'वुई'ला आणि हिंदीच्या 'हम'ला हा भेद ठाऊक नाही. एकच शब्द आपल्याकडे सर्वांत लांबचाही आहे आणि सर्वांत जवळचाही. तो कोणता आहे, हे ज्याने त्याने आवाजावरून ओळखावे.

हल्ली या लांबच्या 'आपण'चा फार सुकाळ झाला आहे, आणि तो यंत्रांमुळे. बँकेला फोन करावा तर एक गोड आवाज 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असे सांगतो आणि पंधरा मिनिटे सतारीची एकच गत ऐकवतो. इतका महत्त्वाचा कॉल इतका वेळ कोणी का घेत नाही, हे त्या आवाजाला विचारण्याची सोय नाही. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात पैशांचा पुकारा करणारी एक डबी आली आहे. मोबाइलवरून पैसे दिले की ती साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा शुद्ध मराठीत रक्कम जाहीर करते. परवा मी सुंठेची पुडी घेतली, तर 'वीस रुपये प्राप्त झाले' अशी दवंडी पिटली गेली. मागे उभ्या असलेल्या शेजाऱ्यांनी लगेच विचारले, "काय, सर्दी का?"

यंत्र आदराने बोलते, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या पुढच्या वागण्याबद्दल. मोबाइलमध्ये एखादी नवी सोय घ्यावी, तर ती आधी लवून विचारते: आपले संपर्क पाहू का? आपली छायाचित्रे पाहू का? आपण कुठे आहात हे समजून घेऊ का? आणि आपण घाईत असल्यामुळे होय, होय करीत बोट आपटत जातो. मागे अमेरिकेत एक मासलेवाईक प्रकार घडला. मोबाइलचा विजेरीसारखा उपयोग करून देणारे एक अ‍ॅप होते आणि ते कोट्यवधी लोकांनी घेतले होते. ही विजेरी माणूस कुठे आहे ते पाहून ती माहिती जाहिरातवाल्यांना पोचवते, असे आढळले आणि २०१३ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्या मालकाला जाब विचारला. अंधारात वाट दाखवायला घेतलेली विजेरी, आणि ती आपल्याच घराची वाट दुसऱ्याला दाखवीत होती!

एखादा पाहुणा दारात वाकून नमस्कार करतो, 'आपली आज्ञा असेल तर' असे म्हणतो आणि उत्तराची वाट न पाहता थेट माजघरात जाऊन आपले कपाट उघडतो. अशा पाहुण्याला आपण सभ्य म्हणू का? त्याच्या 'आपण'ला कितीही साखर लावलेली असो, मला तो सभ्य वाटत नाही.

माझ्यासारखे साठीतले लोक असे काही बोलू लागले की त्यांचे पाऊल हटकून जुन्या वाड्याकडे वळते. माझेही वळले. माझे लहानपण साताऱ्याच्या एका वाड्यात गेले. तिथे खासगी असे काही नव्हते. एका बिऱ्हाडात लसणीची फोडणी पडली की साऱ्या वाड्याला शिंका येत. फोन एकट्या मालकांकडे. पण तो नंबर वाड्यातल्या सात बिऱ्हाडांनी आपापल्या नातेवाइकांना 'पी.पी.' म्हणून देऊन ठेवला होता. मुंबईचा ट्रंककॉल आला की ज्याचा असेल त्याने धावत जायचे आणि घसा फोडून बोलायचे. पण मालकांच्या पत्नीची एक रीत मला अजून आठवते. कोणी फोनवर बोलू लागले की त्या उठून स्वयंपाकघरात जात आणि मुद्दाम भांडी वाजवीत. 'मी इथे आहे, आणि मला काही ऐकू येत नाही' हे त्या भांड्यांनी सांगत.

पत्रांचेही तसेच. पोस्टकार्ड आपल्याकडे १८७९ साली आले, पाव आण्याला. ते उघडे पत्र. पोस्टमनपासून ज्याच्या हाती पडेल तो ते वाचणार. त्यामुळे कार्डावरची भाषाच निराळी. वडिलांना 'तीर्थरूप', काकांना 'तीर्थस्वरूप', त्यानंतर 'शि. सा. न. वि. वि.' असे साष्टांग दंडवत, मग घरातल्या एकेकाला नावाने नमस्कार आणि आशीर्वाद. निम्मे कार्ड मानपानात संपे आणि उरलेल्या निम्म्यात पावसाचे वर्तमान येई. १९५० साली अंतर्देशीय पत्र निघाले, त्याच्या कडा चिकटवण्याची सोय होती. तरी ते एका बाजूने जरासे फुगवून आत एक डोळा लावणारे तज्ज्ञ आमच्या वाड्यात होते. आमच्या घरी आलेले प्रत्येक पत्र आजोबा झोपाळ्यावर बसून फोडीत, चष्मा नाकावर सारून खड्या आवाजात वाचीत, आणि आम्ही मुले झोपाळ्याच्या कड्या धरून ऐकत असू. आम्हांला तो मोठा आनंदाचा कार्यक्रम वाटे.

वाड्यात एक वृद्ध विधवा काकू राहत. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. मुलगा मुंबईला गिरणीत होता. त्याचेही शिक्षण बेताचे, त्यामुळे तो मोठ्या पोस्टासमोर पत्रे लिहून देणारे लोक बसत त्यांच्याकडून पत्र लिहवून घेई. इकडे ते वाचण्याचे काम माझ्याकडे. शाळा सुटल्यावर काकू मला बोलावीत, दार लोटून घेत, आणि मी पत्र वाची. मग त्या सांगत ते उत्तर मी लिही. लेकाची नोकरी, त्याचे कर्ज, सुनेचे माहेरी निघून जाणे, सारे मला वयाच्या दहाव्या वर्षी ठाऊक झाले होते. निघताना काकू हातावर लिमलेटची गोळी ठेवीत आणि म्हणत, "वाचलंस ना? आता इथंच विसर."

आणि मी विसरे. घरी आई विचारी, "काय म्हणतो त्यांचा मुलगा?" मी म्हणे, "बरा आहे." आज मोबाइलमधल्या त्या अदृश्य लेखनिकाला मी अशी गोळी देऊ शकत नाही. तो वाचतो, पण विसरत नाही.

इथवर लिहून हा लेख संपवला असता, तर यंत्र वाईट आणि वाडा चांगला असा सोपा निकाल लागला असता, आणि वाचकांनीही मान डोलावली असती. पण यंदाच्या श्रावणात जे घडले त्यामुळे हा निकाल मला देता येत नाही.

आईचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. डॉक्टरांनी गुडघे बदलण्याचा सल्ला दिला, आईने "करू या की" म्हटले, आणि गणपती झाले की ऑपरेशन असे ठरले. त्याच सुमारास वर्तमानपत्रांत रोज त्या 'डिजिटल अटके'च्या बातम्या येत होत्या. पोलिसाच्या वेषातला माणूस मोबाइलवर दिसतो, 'मॅडम, आपल्या नावाने गुन्हा नोंदला आहे' असे अदबीने सांगतो आणि म्हाताऱ्या माणसांची जन्माची पुंजी लुबाडतो. अशी अटक कायद्यात कुठेच नाही, असा फोन आला तर ठेवून द्यायचा आणि १९३० नंबरला कळवायचे, हे मी आईला पढवून ठेवले होते. तरी जिवाला घोर होताच. चार वर्षांपूर्वी नातीने तिला मोबाइल घेऊन दिला तेव्हा पासवर्ड मीच घालून दिला होता. माझ्या जन्माचे साल. एका दुपारी आई आडवी झाली असताना मी तिचा मोबाइल उचलला आणि ते चार आकडे दाबले.

मनात चोरी नव्हती. बँकेचे निरोप पाहिले, सारे ठीक होते. अनोळखी फोन नव्हते. तिथेच मोबाइल खाली ठेवायचा. पण बोट पुढे सरकले. आईची एक शाळेतली मैत्रीण मिरजेला असते. दोघी एकेका बोटाने अक्षर टिपून एकमेकींना लांबलचक निरोप लिहितात. शेवटचा निरोप आईचा होता. 'गुडघ्याचं हो म्हणून बसले आहे खरी, पण रात्री झोप लागत नाही. भूल दिल्यावर पुन्हा जाग आलीच नाही तर? ह्याला सांगितलं तर हा दहा डॉक्टरांना फोन करील. तू कुणाजवळ बोलू नकोस.'

मी मोबाइल होता तसा ठेवला. रात्री जेवताना मात्र मला राहवले नाही. काळजीच्या भरात, आणि खरे सांगायचे तर आपण किती समंजस आहोत हे दाखवण्याच्या भरात, मी म्हणालो, "आई, भीती वाटत असेल तर ऑपरेशन पुढं ढकलू. आणि भुलीचं आजकाल काही नसतं बरं का."

भात कालवणारा तिचा हात थांबला.

"भुलीचं मी तुझ्याजवळ कधी बोलले?"

मी गप्प. पत्नी ताटाकडे बघत राहिली.

"अस्सं," आई म्हणाली. "आपण वाचलंत वाटतं."

ताटात टाकायचे नाही हा तिचा जन्माचा नियम. तिने उरलेला भात संपवला, ताट उचलले आणि खोलीत गेली. त्या रात्रीपासून आठ दिवस माझी आई माझ्याशी अहो-जाहो करीत होती. "आपला चहा झालाय." "आपल्याला यायला उशीर होणार आहे का?" मुलीला वाटले, आजी थट्टा करते आहे, ती हसे. मला मात्र गेल्या दिवाळीतला आईचा प्रश्न आठवे. 'रागावलाय का रे तो आपल्यावर?' साठ वर्षे जिच्या तोंडून 'तू'खेरीज काही ऐकले नाही, तिने एका शब्दाने मला घराच्या अंगणात नेऊन उभे केले होते.

मी पत्नीजवळ गाऱ्हाणे केले. काळजीपोटीच केले ना मी? ती म्हणाली, "काळजी खरी आहे हो तुमची. पण तुम्ही विचारलं असतंत, तर त्यांनी मोबाइल आपणहून हातात दिला असता." मला उत्तर सुचले नाही. मी न विचारता कपाट उघडले होते. आदरात कमी केली नव्हती. आईपुढे आवाज मी कधीच चढवला नाही. पण त्या विजेरीत आणि माझ्यात फरक काय, हे मला सांगता येईना.

नवव्या दिवशी संध्याकाळी पाऊस कोसळत होता. आईने मला खोलीत बोलावले आणि पलंगावर जागा करून दिली.

"लग्न होऊन साताऱ्याला आले तेव्हा मी वीस वर्षांची होते," ती म्हणाली. "मामंजी फार चांगले. मला कधी अरे-तुरे केलं नाही. 'सूनबाई, हे घ्या, सूनबाई, बसा' असंच बोलायचे. पण माझ्या आईचं एक पत्र त्यांनी आधी वाचल्याशिवाय माझ्या हातात दिलं नाही. पाकिटावर नाव त्यांचं, आत मला आशीर्वाद. सगळं झोपाळ्यावर, मोठ्यानं. माझी आई अंथरुणाला खिळली, हे मला ओटीवर सगळ्यांच्या देखत कळलं. रडायला जागा नव्हती. मी कळशी घेतली आणि विहिरीवर गेले."

मी त्या झोपाळ्याच्या कड्या धरून ऐकले होते. त्या ओटीवर कोणाला रडायला जागा नव्हती, हे मला साठ वर्षांत कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

"हा मोबाइल म्हणजे माझ्या नावावर आलेलं पहिलं पाकीट," ती म्हणाली. "ते तू फोडलंस." मग थोडा वेळ थांबून म्हणाली, "भीती वाटते, हे तुला सांगणारच होते रे. पण कधी सांगायचं, ते मला ठरवू द्यायला हवं होतंस."

तिने मला 'तू' म्हटले होते. इतका मोठा आरोप इतक्या जवळून माझ्यावर कोणी केला नव्हता.

'आमच्याकडे लपवण्यासारखे आहे काय?' असे म्हणणारे पुष्कळ लोक भेटतात. मीही त्यांतलाच होतो. खासगीपणा हे साहेबाचे खूळ, असे आपल्याला वाटते. साहेबालाही ते जपावे असे वाटू लागले ते यंत्रामुळेच. झटपट फोटो काढणारे कॅमेरे निघाले, वर्तमानपत्रे लोकांच्या घरात डोकावू लागली, तेव्हा १८९० साली वॉरन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनी हार्वर्डच्या कायद्याच्या नियतकालिकात लेख लिहून माणसाला एकटे राहू देण्याचा हक्क मागितला. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ज्यांच्या नावाने तो निकाल ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. २०१२ साली आधारच्या प्रश्नावर ते न्यायालयात गेले तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. म्हाताऱ्या माणसांना खासगी असे काय असायचे, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदाही केला. संमती मागणारी सूचना राज्यघटनेतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचण्याची सोय हवी, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे आपल्या मराठीतही. पण माणसाने घरगुती कामापुरती वापरलेली माहिती त्या कायद्याने वगळली आहे. ते योग्यच आहे. आई आणि मुलगा यांच्यामधल्या दाराशी पोलीस उभा करता येत नाही. तिथे आपणच थांबायचे असते.

आणि थांबण्याची ही रीत अगदीच बुडालेली नाही, हे मला दुसऱ्याच दिवशी मंडईत दिसले. मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि पैसे देण्यासाठी मोबाइल काढला. पिनचे आकडे दाबण्याची वेळ आली, तशी भाजीवालीने मान वळवली आणि उगीचच कोथिंबिरीवर पाणी मारू लागली. तिला कोणी हे शिकवले नव्हते. ती मला 'आपण'ही म्हणाली नाही. "घे की दादा, आज सस्त लावलीय" असेच म्हणत होती. मला एकदम वाड्याच्या मालकीणबाई आठवल्या. भांड्यांच्या जागी कोथिंबीर आली होती, इतकेच.

घरी आल्यावर मी आईला म्हणालो, "तुझा पासवर्ड बदल. मला दाखवू नकोस." कसा बदलायचा ते मी सांगितले आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिलो. बराच वेळ 'टुक टुक' ऐकू येत होते. तिला चार आकडे सुचायला वेळ लागत असावा. इतकी वर्षे तिला माझ्या जन्माखेरीज दुसरे साल सुचले नव्हते.

"झालं," ती म्हणाली.

मग तिने कागदाच्या चिठोऱ्यावर काही लिहिले, त्याची घडी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाकिटात घातली, स्वयंपाकघरातून भाताचे शीत आणून पाकीट चिकटवले आणि माझ्या हातात दिले. "माझं काही कमीजास्त झालं तर लागेल. तेव्हा फोड." ते पाकीट माझ्या कपाटात आहे. शिताने चिकटवलेले पाकीट नखानेही उघडता येते, हे तिला ठाऊक आहे आणि मलाही.

ऑपरेशन गणपतीनंतर झाले नाही. मी तो विषय काढला नाही; फार जड गेले, पण काढला नाही. परवा भाजणी दळून आणायचा दिवस होता. आई डब्याचे झाकण लावता लावता सहज म्हणाली, "दिवाळी होऊन जाऊ दे. मग आपण डॉक्टरांकडे जाऊ. मला त्यांना भुलीचं विचारायचंय."

मी "बरं" म्हटले. त्यातले 'आपण' कोणते, ते या वेळी विचारावे लागले नाही.